गुडघ्याच्या झिजेवर अल्प मात्रेचा किरणोपचार: कोणासाठी आणि कितपत?

प्रश्न: माझ्या आईचे वय ६८ आहे. दोन्ही गुडघ्यांत बऱ्याच वर्षांपासून झिजेचा संधिवात आहे. मूत्रपिंडाचे काम मंदावल्यामुळे वेदनाशामक गोळ्या बंद कराव्या लागल्या आणि सांधेबदल शस्त्रक्रियेला ती तयार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी आता कमी मात्रेच्या रेडिओथेरपीचा पर्याय सुचवला आहे. कर्करोगासाठी देतात तेच किरण गुडघ्याला द्यायचे, या कल्पनेनेच आम्ही घाबरलो आहोत. या उपचाराने खरोखर आराम पडतो का, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याची भीती किती?

उत्तर: आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर मी अधिक खात्रीने देऊ शकतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. आपल्या आईंचे वय आणि उपचाराची जागा, म्हणजे गुडघा, या दोन्ही गोष्टी लक्षात घेतल्या तर या उपचारामुळे पुढे कर्करोग होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. आराम पडेल का, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. या उपचाराविषयी विचारायला येणारी बहुतेक कुटुंबे किरणांच्या भीतीवरच थांबतात, आणि ती भीती एकदा दूर झाली की उपचार नक्की लागू पडेल असे गृहीत धरून चालतात. माझ्या मते विचाराचा बराचसा भार उपचाराच्या उपयोगाच्या बाजूला असायला हवा. उपचार बराच सुरक्षित आहे. त्याचा उपयोग कोणाला होतो आणि किती होतो, हे समजून घेऊन निर्णय करायचा आहे.

प्रथम मात्रेविषयी. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे मात्रा होते. घट्ट गाठीच्या कर्करोगावर मूळ उपचार म्हणून किरण देताना रोज साधारण २ ग्रे याप्रमाणे पाच ते सात आठवड्यांत एकूण ५० ते ७० ग्रे दिले जातात, कारण तेथे पेशी मारणे हाच हेतू असतो. सांध्याच्या झिजेसाठी प्रत्येक वेळी ०.५ ते १ ग्रे, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अशा सहा बैठका होतात आणि एकूण मात्रा ३ ते ६ ग्रे इतकीच भरते. जर्मनीतील किरणोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे याच मर्यादेत आहेत. एर्लांगेन येथील अभ्यासांत एका वेळी ०.५ ग्रे आणि एका वेळी १ ग्रे या दोन्ही मात्रांचा परिणाम सारखाच आढळला आहे, आणि त्यामुळे आता अनेक केंद्रे कमी मात्राच, म्हणजे ०.५ ग्रेच्या सहा बैठका, पसंत करतात. मीही तसेच करतो. समान फळ कमी मात्रेत मिळत असेल तर अधिक देण्याला काही आधार उरत नाही. यंत्र मात्र कर्करोगाच्या रुग्णांसाठी असते तेच वापरले जाते, आणि भीतीचे बरेचसे मूळ तेथे आहे. यंत्र तेच असले, तरी त्यातून येणारी मात्रा दहा-वीस पटींनी कमी असते आणि शरीरात ती जे काम करते ते निराळे असते.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला आणि त्यानंतर काही वर्षांतच सांध्यांच्या दुखण्यावर ते वापरले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांत हा नेहमीचा उपचार होता. पुढे तो मागे पडला, आणि त्यामागे दोन कारणे होती. एकीकडे परिणामकारक वेदनाशामके आणि स्टिरॉइडची इंजेक्शने हाती आली. दुसरीकडे किरणांचे दूरगामी धोके आकड्यांत दिसू लागले. ब्रिटनमध्ये कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल यांनी १९३५ ते १९५४ या काळात कण्याच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या विकारासाठी क्ष-किरण घेतलेल्या हजारो रुग्णांचा माग काढला, तेव्हा त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. इस्रायलमध्ये लहान मुलांच्या डोक्यावरील गजकर्णासाठी दिलेल्या किरणांमुळे पुढे मेंदूतील गाठी आणि थायरॉइडचा कर्करोग वाढल्याचे दिसले. हे दोन्ही अभ्यास वैद्यकाला फार महत्त्वाचे शिकवून गेले आणि आजही मी ते प्रत्येक विद्यार्थ्यासमोर ठेवतो. परंतु ते आपल्या आईंच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पहिल्यात तुलनेने तरुण माणसांच्या संपूर्ण कण्याला, म्हणजे रक्तपेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेच्या मोठ्या भागाला, आजच्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा मिळाली होती; दुसऱ्यात मुलांचा वाढता मेंदू आणि थायरॉइड किरणांच्या वाटेत होते. जर्मनीत हा उपचार कधीच बंद पडला नाही. तेथे आजही दरवर्षी हजारो लोकांना झिजेच्या सांध्यांसाठी, टाचेच्या दुखण्यासाठी आणि खांद्याच्या विकारांसाठी किरणोपचार दिले जातात.

गुडघ्याच्या धोक्याचा हिशेब तीन गोष्टींवर ठरतो: किरणांच्या क्षेत्रात कोणत्या ऊती येतात, रुग्णाचे वय किती आहे आणि मात्रा किती आहे. प्रौढ माणसात रक्त घडवणारी लाल मज्जा मुख्यतः श्रोणी (कमरेखालचे कटीचे हाड), मणके, बरगड्या, उरोस्थी, कवटी आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकांत उरलेली असते. गुडघ्याजवळच्या हाडांत तिची जागा बहुतांशी पिवळ्या, मेदयुक्त मज्जेने घेतलेली असते. स्तन, थायरॉइड, फुप्फुस, आतडी असे किरणांना संवेदनशील असलेले अवयव गुडघ्यापासून दूर असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणारी विखुरलेली मात्रा नगण्य असते. किरणांमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या घट्ट गाठी दिसायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जावा लागतो, म्हणून जसे वय वाढते तसा आयुष्यभराचा धोका घटत जातो. या कारणांमुळे आम्ही हा उपचार सहसा पन्नाशीपुढील माणसांपुरता ठेवतो, चाळिशीच्या आत तो जवळजवळ कधीच देत नाही आणि गरोदरपणात तर मुळीच देत नाही. धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण किरणांची कोणतीही मात्रा पूर्णपणे निर्धोक मानू नये हेच आमच्या शास्त्राचे सावध धोरण आहे. परंतु मूत्रपिंड आधीच मंद असलेल्या ६८ वर्षांच्या व्यक्तीने वेदनाशामके रोज घेत राहणे आणि गुडघ्यावर एकूण ३ ग्रे किरण घेणे या दोहोंत अधिक काळजी कशाची वाटते असे मला विचारले, तर मी वेदनाशामकांकडे बोट दाखवीन. मूत्रपिंडाला इजा, जठरातील रक्तस्राव आणि रक्तदाब वाढणे ही त्या गोळ्यांची नुकसाने नजीकची आहेत आणि ती रुग्णालयात नेहमी पाहायला मिळतात.

सगळे सांधे मात्र या बाबतीत सारखे नाहीत. हाताची बोटे, मनगट, घोटा आणि गुडघा येथे धोका सर्वांत कमी असतो. खांद्याच्या बाबतीत फुप्फुसाचा वरचा भाग आणि स्तनाची ऊती क्षेत्राबाहेर ठेवण्यासाठी अधिक काळजीपूर्वक आखणी करावी लागते, आणि छातीत पेसमेकर असेल तर त्याचाही विचार करावा लागतो. खुब्याच्या सांध्याजवळ श्रोणीतील लाल मज्जा आणि जननग्रंथी येतात, म्हणून तेथे मी वयाची अट आणखी वर नेतो आणि आधी इतर मार्ग तपासून पाहतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. किरणांनी वेदना कमी का व्हावी, हे समजायला वेदना कोठून येते ते पाहावे लागेल. झिजणाऱ्या कूर्चेत, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, वेदनावाहक नसा नसतात. दुखते ते सांध्याचे आतले आवरण, कूर्चेखालचे हाड, अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू. कूर्चेचे बारीक कण आणि खराब झालेल्या पेशींतून निघणारी द्रव्ये या आवरणात सौम्य पण चिवट दाह पेटता ठेवतात. त्यातूनच सूज येते, पाणी साचते आणि सकाळी सांधा आखडतो. पूर्वी झीज म्हणजे निव्वळ यांत्रिक घर्षण असे मानले जाई. आज हा विकार मंद दाहाचा आहे हे मान्य झाले आहे, आणि किरणोपचाराचे सगळे तर्कशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की ०.३ ते ०.७ ग्रे या टप्प्यातील मात्रेने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटण्याचे प्रमाण घटते, दाह वाढवणाऱ्या महाभक्षी पेशींत नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो आणि दाह शमवणाऱ्या संदेशद्रव्यांचे पारडे जड होते. याहून बरीच मोठी मात्रा दिली तर परिणाम उलट, म्हणजे दाह वाढवणारा, होऊ शकतो. मात्रा आणि परिणाम यांचे नाते येथे सरळ रेषेत जात नाही, आणि म्हणूनच थोड्याने गुण आला नाही तर जास्त देऊन पाहावे हा विचार या उपचारात चालत नाही. कूर्चा किरणांनी पुन्हा उगवत नाही, वाकडा पाय सरळ होत नाही, हाडांमधले कमी झालेले अंतर परत येत नाही. हाडावर हाड घासत असल्यामुळे जी वेदना होते तिला या उपचाराचा उपयोग होण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

पुराव्यांचा भाग थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण आपण माहिती शोधायला बसलात तर आपल्याला परस्परविरोधी दावे वाचायला मिळतील आणि ते दोन्ही खऱ्या अभ्यासांवर आधारलेले असतील. जर्मनीतील केंद्रांनी अनेक दशके हजारो रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना बरे वाटल्याचे दिसते. या नोंदींचे मोल मी कमी लेखत नाही, पण त्यांच्यात तुलनेसाठी दुसरा गट नाही. झिजेच्या वेदना नैसर्गिकपणेच चढउतार होत राहतात. माणूस डॉक्टरांकडे येतो तो वेदना टिपेला असताना, आणि तेथून त्या काही अंशी आपोआपच उतरतात. शिवाय मोठे यंत्र, काळजीने केलेली आखणी, आठवड्यातून अनेकदा होणारी भेट या सगळ्याचा मनावर आणि मनामार्फत वेदनेवर परिणाम होतो. त्यामुळे खरा निकाल आभासी उपचाराशी तुलना केल्यावरच लागतो, म्हणजे काहींना प्रत्यक्ष किरण द्यायचे, काहींना यंत्राखाली झोपवून किरण न द्यायचे, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही व वेदना मोजणाऱ्यालाही नाही.

नेदरलँड्समध्ये अशा दोन काटेकोर चाचण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१८ साली समोर आले. गुडघ्याच्या चाचणीत ५५ रुग्ण होते. व्यायामाने आणि वेदनाशामकांनी पुरेसा आराम न मिळालेल्या या रुग्णांना दोन आठवड्यांत १ ग्रेच्या सहा मात्रा किंवा आभासी उपचार देण्यात आला. तीन महिन्यांनी किरण घेतलेल्यांपैकी ४४ टक्के आणि आभासी उपचार घेतलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांना ठरलेल्या निकषानुसार सुधारणा झाली होती. हाताच्या सांध्यांच्या चाचणीत ५६ रुग्ण होते आणि हे आकडे अनुक्रमे २९ व ३६ टक्के आले. म्हणजे दोन्ही ठिकाणी फरक दिसलाच नाही, आणि संशोधकांनी हा उपचार देऊ नये असे स्पष्ट मत दिले. या आकड्यांकडे मी अनेक वर्षे गांभीर्याने पाहत आलो आहे. या निष्कर्षांनंतर कोणत्याही रुग्णाला हा उपचार सिद्ध झालेला आहे असे सांगणे मला प्रामाणिक वाटत नव्हते, आणि आजही मी तो शब्द वापरत नाही.

त्यानंतर कोरियातील तीन केंद्रांत मिळून झालेली एक चाचणी २०२५ साली अमेरिकेतील किरणोपचारतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मांडली गेली. तिच्यात सौम्य ते मध्यम झीज असलेले ११४ रुग्ण होते आणि त्यांचे तीन गट केले होते: आभासी उपचार, एकूण ०.३ ग्रे आणि एकूण ३ ग्रे, प्रत्येकी सहा बैठकांत. चार महिन्यांनी ३ ग्रे गटातील सुमारे ७० टक्के लोकांना सुधारणा जाणवली, आभासी गटातील सुमारे ४२ टक्के लोकांना, आणि ०.३ ग्रे गटातील सुमारे ५८ टक्के लोकांना. या मधल्या गटाचा आभासी गटाशी असलेला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. तीव्र वेदनाशामकांचा वापर या चाचणीत मर्यादित ठेवला होता, त्यामुळे गोळ्यांचा परिणाम किरणांच्या परिणामात मिसळण्याचा धोका कमी झाला. उपचारामुळे झालेला कोणताही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही.

दोन देशांतील चाचण्यांचे निकाल इतके वेगळे का आले, याविषयी माझे मत असे आहे. कोरियातील रुग्णांची झीज सौम्य ते मध्यम होती, म्हणजे क्ष-किरण चित्रावर केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी ठरवलेल्या ० ते ४ या श्रेणींपैकी दुसरी किंवा तिसरी; चौथी सर्वांत तीव्र. डच चाचणीत इतर उपायांना न जुमानणारे, दीर्घकाळ त्रासलेले रुग्ण होते, आणि अशा सांध्यांत दाहापेक्षा रचनेचा बिघाड मोठा असण्याची शक्यता असते. मात्राही वेगळी होती: डच रुग्णांना एका वेळी १ ग्रे मिळाले, कोरियातील रुग्णांना ०.५ ग्रे, आणि प्रयोगशाळेतील दाहशमनाचा परिणाम दुसऱ्या मात्रेच्या आसपास सर्वांत ठळक दिसतो. तरीही हे माझे अनुमान आहे. तिन्ही चाचण्या लहान आहेत आणि त्यांपैकी कोणतीही एक घेऊन बाकीच्या बाजूला सारणे योग्य नाही. आभासी उपचारानेही दहांपैकी चार जणांना बरे वाटले, ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. कारण शेजारच्या कोणाला तरी किरणांनी फार गुण आला, या सांगण्याचा अर्थ त्यामुळे फारच मर्यादित होतो. टाचेच्या दुखण्याची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे जर्मनीतील एका यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोणाला कोणती मात्रा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून केलेल्या चाचणीत, एकूण ६ ग्रे आणि ०.६ ग्रे यांची तुलना झाली व मोठी मात्रा स्पष्टपणे सरस ठरली, म्हणून त्या विकारात मी हा उपचार बराच निःशंकपणे सुचवतो. गुडघ्याविषयी तेवढी निःशंकता अजून येत नाही.

मग तो कोणाला द्यावा? माझ्या व्यवहारात असा रुग्ण साधारणपणे साठीच्या पुढचा असतो. त्याची झीज दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीची असते, सांध्यावर सूज किंवा गरमपणा येऊन-जाऊन असतो, रात्री किंवा विश्रांतीतही दुखते, व्यायाम मनापासून करून झालेला असतो आणि वेदनाशामके त्याला चालत नाहीत किंवा पुरत नाहीत. या वर्णनातील बऱ्याच गोष्टी आपल्या आईंना लागू पडतात. त्यांच्या क्ष-किरण चित्रावर झीज कोणत्या श्रेणीची आहे, हे आपण लिहिलेले नाही आणि माझ्या दृष्टीने निर्णयाची किल्ली तेथेच आहे. उभे राहून काढलेल्या चित्रात हाडांमधली फट पूर्ण बुजलेली असेल, पाय धनुष्यासारखा वाकला असेल आणि दुखणे केवळ चालताना व जिना उतरतानाच होत असेल, तर किरणोपचारातून मी फारशी अपेक्षा ठेवणार नाही. त्या अवस्थेत सांधेबदल हाच वेदना दूर करणारा भरवशाचा मार्ग असतो, आणि त्या शस्त्रक्रियेविषयी आईंच्या मनात नेमकी कशाची धास्ती आहे हे शांतपणे विचारून पाहणे अधिक उपयोगी ठरेल. अनेकदा ती धास्ती भूल, अंथरुणाला खिळणे किंवा कोणा ओळखीच्या व्यक्तीचा वाईट अनुभव यांच्याशी निगडित असते, आणि तिच्यावर शल्यविशारदांशी मोकळेपणाने बोलता येते. किरण घेतल्याने पुढे शस्त्रक्रियेत अडचण येईल का, हेही लोक नेहमी विचारतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर भलत्या जागी हाड वाढू नये म्हणून काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या सुमारास एकाच वेळी ७ ते ८ ग्रे दिले जातात आणि जखमा व्यवस्थित भरतात. त्या मानाने गुडघ्याला सहा बैठकांत मिळणारे ३ ग्रे ही अडचण ठरू नये.

उपचारापूर्वी निदान पक्के असले पाहिजे. गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. दोन्ही हातांचे सांधेही सुजत असतील आणि सकाळचा आखडलेपणा तासाभराहून अधिक टिकत असेल तर तो आमवातासारखा वेगळा विकार असू शकतो. कधी दुखणे खुब्यातून किंवा कमरेतून उतरून गुडघ्यात जाणवते. या सर्वांचे उपचार निराळे आहेत. त्याच पायाला पूर्वी किरण दिलेले असतील किंवा त्या जागी गाठ असेल, तर ते आधीच सांगावे. सांध्यात किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन देण्याची एक वेगळी पद्धत आहे, तिच्याशी या उपचाराची गल्लत करू नये. येथे किरण बाहेरून येतात, शरीरात काहीही शिल्लक राहत नाही, आणि घरी आल्यावर नातवंडांना जवळ घ्यायला कोणतीच हरकत नसते.

प्रत्यक्ष उपचार अगदी साधा असतो. पहिल्या दिवशी साधा क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन घेऊन क्षेत्र आखतात आणि त्वचेवर खुणा करतात. त्यानंतर दिवसाआड सहा बैठका होतात. प्रत्येक बैठकीत किरण चालू असतात ते एक-दोन मिनिटे; झोपवणे, जुळवणे धरून दहा-पंधरा मिनिटे लागतात. काहीही दुखत नाही, गरम लागत नाही, दाखल व्हावे लागत नाही. त्वचा तात्पुरती लाल व्हायलाही एका वेळी सुमारे २ ग्रे लागतात, त्यामुळे ०.५ ग्रेने त्वचेवर काही दिसण्याचे कारण नाही. केस गळणे, मळमळ, अशक्तपणा हेही होत नाही. काही जणांचे दुखणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडे वाढते आणि मग शमते. याची पूर्वकल्पना दिलेली नसली तर माणसे घाबरून उपचार अर्ध्यावर सोडतात. आराम सावकाश येतो. बहुतेकांना फरक जाणवायला कित्येक आठवडे लागतात आणि खरा निकाल तीन महिन्यांनी पाहावा, म्हणून सहावी बैठक संपली त्या दिवशी काहीच फरक नाही म्हणून निराश होऊ नये. दोन्ही गुडघ्यांवर एकाच काळात उपचार करता येतो.

या काळात बाकीचे उपाय थांबवू नयेत, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण किरणोपचार सुरू झाला की व्यायाम सुटतो हे मी वारंवार पाहतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देणारा नियमित व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणे या दोहोंचा पुरावा किरणोपचारापेक्षा कितीतरी भक्कम आहे. शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप झालेले आहे. वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थूल रुग्णांच्या गुडघेदुखीत लक्षणीय घट दिसली. आईंच्या बाबतीत ते योग्य आहे का, हे त्यांचे फिजिशियन ठरवू शकतील. सांध्यावर लावण्याच्या वेदनाशामक जेलमधून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने फार कमी असते, तरीही मूत्रपिंडाची अवस्था पाहता ते किती आणि किती दिवस वापरायचे हे मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. स्टिरॉइडचे इंजेक्शन तीव्र सूज असताना काही आठवड्यांचा आराम देते, परंतु दर तीन महिन्यांनी दोन वर्षे दिलेल्या इंजेक्शनांनी कूर्चा अधिक झिजली आणि वेदना मात्र खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा अधिक कमी झाली नाही, असे २०१७ च्या एका चाचणीत दिसले आहे. म्हणून वारंवार इंजेक्शने घेत राहण्याचा मार्ग मला पसंत नाही.

उपचार करायचा ठरलाच तर त्याचा निकाल स्मरणावर सोडू नये. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री आईंनी वेदनेला ० ते १० यांमध्ये एक अंक द्यावा, आणि त्याबरोबर त्यांना स्वतःला महत्त्वाची वाटणारी एक-दोन कामे लिहून ठेवावीत: न थांबता किती चालता येते, खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, रात्री दुखण्याने किती वेळा जाग येते. हीच नोंद उपचारानंतर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. अंक निदान दोनने खाली आला आणि ठरवलेल्या कामांत फरक दिसला, तर गुण आला असे समजावे. थोडा आराम पडला पण पुरेसा नाही, असे असेल तर दोन ते तीन महिन्यांच्या अंतराने आणखी एकदा तेवढ्याच सहा बैठका देता येतात आणि काहींना त्यातून अधिक लाभ होतो. पहिल्या फेरीने काडीचाही फरक पडला नसेल, तरी मार्गदर्शक तत्त्वे दुसऱ्या फेरीची मुभा देतात. मी मात्र तेव्हा चित्रे पुन्हा पाहतो आणि दुखण्याचे कारण यांत्रिक तर नाही ना हे अस्थिरोगतज्ज्ञांसोबत तपासतो. दोन फेऱ्यांनंतरही आराम नसेल तर तिसरी मागू नये, आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नये.

आपल्या पुढच्या भेटीत किरणोपचारतज्ज्ञांना चार गोष्टी जरूर विचाराव्यात: झीज कोणत्या श्रेणीची आहे, सांध्यात दाहाची चिन्हे आहेत का, प्रत्येक वेळी किती मात्रा देणार आहात, आणि तीन महिन्यांनी आराम नसेल तर पुढचा बेत काय. शेवटच्या प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर असेल, तर निश्चिंत मनाने पुढे जावे. झीज चौथ्या श्रेणीची निघाली तर किरणोपचाराआधी शल्यविशारदांची एक भेट घ्या आणि आईंना सोबत न्या, म्हणजे त्यांच्या शंका त्यांना स्वतःच विचारता येतील.